लोकांकडं तोंड असलेला पडदा

अल्लीपूरच्या बबनराव नरडांना जगात कुणी फसवलं असेल, तर त्याचं नाव अजून गावाला कळलेलं नाही. माणूस मुळातच शंकेखोर. गॅसवाल्यानं सिलिंडर दारात ठेवलं की आधी स्वतः हलवून पाहणार, मग त्याला हलवायला लावणार, आणि मग "इतकं हळू काऊन हलवलं?" म्हणून त्याच्याकडंच रोखून पाहणार. त्यांच्या बायकोनं, आनंदाबाईनं, डाळ शिजली म्हटलं तरी एक दाणा चिमटीत दाबल्याशिवाय हा गृहस्थ ताटावर बसायचा नाही. भाचीला स्थळ आलं तेव्हा कुणाला न सांगता दोन एसट्या बदलून मुलाच्या गावी गेला, पानठेल्यासमोर तीन तास बसला, आणि पोरगा दिवसाला तंबाखूचे चार खर्रे खातो एवढी खबर घेऊन परतला. स्थळ मोडलं. घरच्यांनी तोंडात बोटं घातली आणि बबनरावांची छाती चार बोटं फुगली.

अशा माणसाचा जगात एकाच गोष्टीवर भरवसा होता. ती म्हणजे त्यांची घडी आणि ती दाबणारा उजव्या हाताचा अंगठा.

घडी म्हणजे स्टॉपवॉच. पंचक्रोशीतल्या शंकरपटात सव्वीस वर्षं बबनरावांनी वेळ मोजला. शंकरपट म्हणजे बैलजोडीची शर्यत. या पटात एकेक जोडी सुटते. एका टोकाला झेंडी पडते, दुसऱ्या टोकाला चुन्याची रेघ असते. घडीवाला रेघेजवळ बसतो. झेंडी पडली की बटण दाबायचं, बैलाचं नाक रेघेवर आलं की पुन्हा दाबायचं. जिचा वेळ सगळ्यांत कमी, ती जोडी पहिली. आणि वेळ तरी किती? सात-आठ सेकंद. म्हणून सेकंदाचेही शंभर भाग करतात, त्याला इकडं पॉइंट म्हणतात. एका पॉइंटापायी सोयरिकी तुटल्यात, सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरचं पाणी सोडलंय, हसू नका.

त्या रेघेवर बबनराव बोलले की विषय संपला. एकदा एकानं पटाच्या आदल्या दिवशी घरी बोकड आणून बांधला, तर बबनरावांनी बोकड सोडला आणि माणसाला वेशीपर्यंत शिव्या घालत पोचवलं. तेव्हापासून ज्याला त्याला हेच तोंडपाठ, की बबनरावची घडी म्हणजे देवाची घडी.

फक्त एक माणूस असं म्हणायचा नाही. केळझरकडचा डोमाजी. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या फेरीत त्याची जोडी चार पॉइंटांनी हरली. जिंकली ती अण्णाजीची जोडी. अण्णाजी म्हणजे बबनरावांचा लंगोटीयार, एका पाटीवर दोघं बाराखडी शिकलेले. डोमाजी त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. बैल सोडले, गाडीत चढवले आणि निघून गेला. त्यानंतर मात्र तो बबनरावांना कुठं दिसला की रस्ता बदलायचा. बबनरावांना त्याचा फार संताप. "माह्यावर शक! अरे, मी सख्ख्या बायकोच्या डाळीवर भरवसा ठेवत नाई, तो मी अण्णाची बाजू घेईन?" असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि चारचौघं माना डोलवायचे.

यंदा पटाच्या मंडळाचा अध्यक्ष झाला अंकुश. नवं रक्त. त्यानं वर्ध्याहून कम्प्युटर बोलावला. सुरुवातीला दोन खांब, रेघेवर दोन खांब, मधून न दिसणारा किरण. जोडी किरणातून गेली की तो तुटतो आणि लॅपटॉपवर आपोआप वेळ उमटतो. ते सगळं घेऊन आलेली मयुरी पंचविशीतली, कॉलेज करून याच धंद्यात पडलेली. कुठं सायकलच्या शर्यती, कुठं पोलीस भरतीची धाव, तिथं हीच यंत्रं लावायची.

अंकुशनं बबनरावांना मानानं बोलावलं. "भाऊ, तुमी फक्त देखरेखीले बसा. खुर्ची तुमची, शाल तुमची."

"शाल मेलेल्याले घालतात," बबनराव म्हणाले. "मले घडी घेऊन बसू दे. आज पहिल्या दिवशी दोन्हीनं मोजू. मी आकडा आधी बोलीन, मंग तुह्या यंत्राचा पाहू. यंत्र चुकलं त उद्याची फायनल माह्या घडीवर. नाई चुकलं त ही घडी मी आजच्या आज बंद करतो, पुन्हा पटात पाय ठेवत नाई."

हे माइकवर बोलले, हजार माणसांसमोर. आता मागं फिरायची सोय उरली नाही. अंकुशचा चेहरा उतरला, पण लोकांनी शिट्ट्या मारल्या.

बबनराव मांडवात आले आणि मयुरीच्या टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. तिनं नमस्कार केला तर त्यांनी टेबलाखाली वाकून तारा पाहिल्या.

"हा पडदा कोणाकडं तोंड करून हाये?"

"माझ्याकडं, काकाजी. मले पाहा लागते न."

"अन् लोकाइले काय दिसते? तुही पाठ! तू आकडा मनात येईल तो सांगशील, अन् लोक टाळ्या वाजवतील. नाई चालत. एक पडदा लोकाइकडं तोंड करून पाह्यजे. अन् त्याच्यावर तेच दिसलं पाह्यजे जे तुह्या पडद्यावर दिसते. तेच म्हणजे तेच."

पोरगी चिडली नाही. उलट म्हणाली, "बराबर आहे तुमचं." यानं बबनराव आणखी सावध झाले. इतक्या चटकन हो म्हणणारा माणूस त्यांनी आयुष्यात चांगला पाहिला नव्हता.

कुणाकडून तरी एक जुना चौकोनी मॉनिटर आला. तो मांडवाच्या पुढं टेबलावर लोकांकडं तोंड करून ठेवला. मयुरीनं तार जोडली. मॉनिटर लागला, आणि त्याच्यावर नुसतं निळं आभाळ. आकडे नाहीत, नाव नाही, काही नाही. लॅपटॉपवर मात्र वेळाचे ठळक आकडे.

"पाहा हो!" बबनराव उभेच राहिले. "तिच्याकडं आकडे अन् आपल्याकडं आभाळ! कवाचा सांगून राह्यलो मी."

"काकाजी, कम्प्युटरले वाटलं का मले जास्तीची जागा पाह्यजे, म्हणून त्यानं दुसरा पडदा पहिल्याच्या बाजूले चिकटवला. त्याले सांगा लागते, बाजूले नाई, तेच दाखव म्हणून."

"मंग सांग न. कोणी हात धरला?"

आता साध्या कम्प्युटरवर त्यासाठी चित्रं असतात, बटणं असतात. मयुरीच्या लॅपटॉपात तसलं काही नव्हतं. शर्यतीच्या मध्येच दुसरं काही उघडून वेळ हुकू नये म्हणून तिनं टायमिंगच्या प्रोग्रामशिवाय सगळं काढून टाकलेलं. जे करायचं ते हुकूम लिहून. तिनं दोन बटणं दाबली आणि एक काळी खिडकी उघडली, आत एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

"हे काळं काऊन केलं?" बबनरावांनी तिचा हातच धरला. "हे मी टीव्हीवर पाह्यलं हाये. चोर लोक असंच काळं करतात."

मांडवात हशा पिकला. मयुरीही हसली, पण हात सोडवून घेतला नाही. "असं करू काकाजी. मी एकेक ओळ लिहीन, तुमाले वाचून दाखवीन, अर्थ सांगीन. तुमी हो म्हटलं का मंगच एंटर."

हे मात्र बबनरावांना पटलं. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि खरेदीखत वाचून घेतात तसा कान पुढं केला.

पहिल्या ओळीत एकच शब्द, एक्सरँडर. "हे त्याले विचारते, का बा, तुले किती पडदे जोडले हायेत, अन् त्याइचे नावं काय." बबनराव हो म्हणाले. खाली भराभर यादी आली, लॅपटॉपचा पडदा एका नावाचा, तारेवरचा दुसऱ्या नावाचा. दोनच आहेत ना, तिसरा कुठं लपलेला नाही ना, हे त्यांनी बोट लावून मोजलं.

दुसरी ओळ लांब. "हे म्हणते, तारेवरच्या पडद्यावर तेच दाखव जे लॅपटॉपवर हाये. सेम ॲज, असं लिहिलं पाहा इथं."

"सेम समजते मले. दाब."

तिनं एंटर दाबलं आणि दोन्ही पडदे काळे झाले. बबनरावांच्या अंगठ्यानं आपल्या आपण घडी दाबली. पडदे उजळले, अंगठा पुन्हा दाबला गेला. "दोन सेकंद अठरा पॉइंट पडदा बंद होता," त्यांनी जाहीर केलं. "एवढ्या वेळात काय केलं?"

"काही नाई हो. नवीन माप लावाले त्याले तेवढा वेळ लागते."

तोवर बाहेर गलका. लोकांच्या मॉनिटरवर चित्र आलं होतं, पण उजवीकडून कापलेलं. लॅपटॉप रुंद, मॉनिटर चौकोनी, मावलं तेवढं दिसलं. आणि कापलं गेलं ते नेमकं काय? पॉइंट! सेकंद दिसत होते, पॉइंट गायब. पटात पॉइंट गायब म्हणजे नवरदेव सोडून वरात आली. दोन-चार जण मांडवात घुसलेच. बबनराव नुसते मयुरीकडं पाहत राहिले. त्या पाहण्यात सगळं आलं.

मयुरीनं तिसरी ओळ लिहिली, आणि या वेळी जरा मोठ्यानं वाचली, बाहेरच्यांनाही ऐकू जावी अशी. "दोन्ही पडद्याइचं माप एक कर. रुंद पडदा लहान कर, चौकोनी हाये तसा ठेव, अन् दोन्हीवर एकच चित्र." बबनरावांनी मान हलवली. पुन्हा काळोख, पुन्हा उजेड. आता दोन्हीकडं तेच. शेवटच्या पॉइंटापर्यंत तेच.

तरी माणसाचं समाधान होतं का? बबनरावांनी तिला बाण फिरवायला लावला, वर, खाली, कोपऱ्यात, आणि स्वतः टेबलाच्या टोकाला उभं राहून मान इकडून तिकडं करत दोन्ही बाण पाहिले. मग एका माणसाला खांबांमधून पळायला लावलं. दोन्हीकडं एकाच क्षणी एकच आकडा. बोट ठेवायला जागा नव्हती. बबनरावांना बरं वाटायला हवं होतं, त्यांना बरं वाटलं नाही. चोरी सापडली असती तर त्यांना शांत झोप लागली असती.

पट सुरू झाला. झेंडी पडली, पहिली जोडी धुरळा उडवत आली. "आठ बारा!" बबनराव माइकवर बोलले. हजार मुंड्या मॉनिटरकडं वळल्या. आठ सेकंद नऊ पॉइंट. तीन पॉइंटांचा फरक. लोकांनी टाळ्या कुटल्या, हातानं दाबून एवढं जवळ म्हणजे गंमत नाही. दुसरी जोडी, चार पॉइंट. तिसरी, दोन. दहा-बारा जोड्या झाल्या, फरक चाराच्या वर गेला नाही, आणि दर वेळी बबनरावांचाच आकडा जरासा जास्त. मयुरी म्हणाली, "काकाजी, तुमचा हात लोखंडाचा हाये." बबनरावांनी स्तुतीचाही संशय घेतला, पण आतून सुखावले.

मग अण्णाजीची जोडी. लाल बैल, कानात वारं शिरल्यासारखे आले. "सात एक्केचाळीस!" बबनराव ओरडले. आवाज फुटला त्यांचा.

मॉनिटरवर सात पंचावन्न.

चौदा पॉइंट! बबनराव खुर्चीवर चढले. "सापडली! सापडली चोरी! बारा जोड्या बराबर दाखवल्या, भरवसा बसू देला, अन् मोठ्या जोडीवर हात मारला!" अण्णाजीची माणसं धावत आली. कुणी तरी मॉनिटरला हात घातला. अंकुश मध्ये पडला म्हणून निभावलं, नाहीतर यंत्र तिथंच मातीत गेलं असतं. मयुरी पांढरीफटक पडली. ती तिथं एकटीच आलेली, ओळखीचं माणूस एकही नाही.

"दुसरी फेरी हाये न अजून," ती कशीबशी म्हणाली. "दुसऱ्या फेरीत पाहा."

दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. बाकीच्या जोड्यांना तीन, दोन, चार. डोमाजीची पांढरी जोडी आली. बबनरावांचे सात त्रेपन्न, पडद्याचे सात एकोणपन्नास. आणि अण्णाजीची आली तेव्हा बबनरावांचे सात अडतीस, पडद्याचे सात एक्कावन्न. आता लोक नुसते खवळले. "फेका हे यंत्र! आम्हाले घडी पाह्यजे!" "बबनराव भाऊची घडी!" अंकुशनं हात जोडले. म्हणाला, "भाऊ, तुमी जिंकले. तुमी माइकवर बोला, फायनल घडीवर. मी यंत्र परत पाठवतो."

मयुरीनं तारा गुंडाळायला घेतल्या. डोळे भरलेले. पण गुंडाळता गुंडाळता बबनरावांकडं पाहून एवढंच म्हणाली, "काकाजी, यंत्राले बैल कोणाचे ते कुठं माहीत हाये?"

बबनरावांच्या हातात माइक होता. तो त्यांनी खाली घेतला.

शंकेखोर माणसाची एक अडचण असते, शंका एकदा आत शिरली की तिला बाहेर काढता येत नाही, मग ती कुणावर का असेना. किरणाला बैल कोणाचे ते माहीत नाही. मयुरी आज पहिल्यांदा इथं आली, तिला अण्णाजी कोण, डोमाजी कोण, काही पत्ता नाही. त्या मांडवात अण्णाजीची जोडी कोणती हे माहीत असलेला आणि वेळ मोजणारा माणूस एकच होता.

"अंकुश," ते हळूच म्हणाले, "अण्णाले सांग, जोडी पुन्हा एकदा सोड. मोजाले नाई, मले पाह्यचं हाये."

जोडी सुटली. झेंडी पडताना अंगठा दाबला. बैल जवळ आले तसा बबनरावांचा श्वास वर चढला. या वेळी त्यांनी लक्ष अंगठ्यावर ठेवलं, सिलिंडरवाल्याच्या हातावर ठेवायचे तसं. आणि त्यांना दिसलं. बैल रेघेपासून अजून दोन-तीन हात अलीकडं होते, तेवढ्यात अंगठा खाली गेला. त्यांनी सांगितलं नव्हतं त्याला. तो आपणहून गेला, यारासाठी, आनंदानं.

ते खुर्चीवर बसले. कुणाला काही कळलं नव्हतं. लोक अजून त्यांच्याच नावानं ओरडत होते. गप्प बसले असते तर घडी राहिली असती, नाव राहिलं असतं, पोरगी रडत वर्ध्याला गेली असती आणि वर्षभरात सगळे विसरले असते. बबनरावांच्या मनात हे सगळं येऊन गेलं, नाही आलं असं नाही.

त्यांनी माइक तोंडाशी धरला. "यंत्र बराबर हाये," ते म्हणाले. "माहा अंगठा खोटा हाये. अण्णाची जोडी आली का तो आधीच दाबल्या जाते. मले आज मालूम पडलं. मी जाणून नाई केलं, पर केलं मीच. दोन वर्षाआधी डोमाजीची जोडी चार पॉइंटानं हारली. ते पॉइंट बैलाचे नोयते, माहे होते. पोरीची माफी मागतो. तारा सोडू नको व बाई."

गर्दीतून डोमाजी पुढं आला. लोकांना वाटलं, आता कॉलर धरतो. तो मांडवाच्या बांबूला धरून उभा राहिला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बबनरावांशी बोलला.

"माह्या चार पॉइंटाचं सांगतलं, बरं झालं. पर बाकीच्या साली काय झालं, बबनराव? सव्वीस वर्षं मोजलं न तुमी."

बबनरावांनी समोर पाहिलं तर अल्लीपूरचे, हिंगणघाटचे, सेलूकडचे जोडीवाले, म्हातारे झालेले, ओळखीचे, ज्यांनी कधी एका, कधी तीन पॉइंटांनी मार खाल्लेला, सगळे त्यांच्याकडं पाहत होते. आणि एकेक जण पुढं यायला लागला.

"भाऊ, आमची काळी जोडी, फायनलले, दोन पॉइंटानं गेलती. त्याच्यात अण्णाजी होता."

"माहीत नाई रे बावा."

"माह्या बापाची जोडी. तुमी सात साठ सांगतले होते."

"माहीत नाई."

मयुरीनं तारा पुन्हा जोडल्या. पट पुढं सुरू झाला, मॉनिटरवर आकडे उमटू लागले. लोक आता मांडवाकडं न पाहता थेट पडद्याकडं पाहत होते. बबनराव घरी जाऊ शकले असते. अंकुशनं दोनदा म्हटलंही, "भाऊ, गाडीनं सोडून देतो." पण ते उठले नाहीत. जो येईल त्याला तेच उत्तर देत बसले. कुणी शिवी दिली, कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी नुसताच मान हलवून गेला. प्रत्येकाला वाटत होतं की माणूस खरं सांगतोय, आणि प्रत्येकाला ते पुरत नव्हतं.

दिवस कलला तशी जोड्या भरलेल्या गाड्या एकेक करून निघाल्या. सगळ्यांत शेवटी अण्णाजी आला. दिवसभर तो जवळ फिरकला नव्हता. शेजारची खुर्ची ओढून बसला. त्याच्या घरी भिंतभर ढाली आहेत, पटाच्या, नाव कोरलेल्या, पाहुणा आला की आधी त्या दाखवायच्या, मग चहा.

"बबन्या," तो म्हणाला, "खरं सांगजो. आपली जोडी कवा खरी जिंकली का रे? एकडाव तरी?"

बबनरावांनी त्याच्याकडं पाहिलं. हो म्हणून टाकावं असं त्यांना फार वाटलं, इतकं की ओठांपर्यंत आलं.

"माहीत नाई, अण्णा," ते म्हणाले.